खंडेनवमीला पुसलेले नंबर

२०२३ साल. त्या वर्षी खंडेनवमी सोमवारी आली, ऑक्टोबरच्या तेवीस तारखेला, आणि दसरा मंगळवारी. या तारखा मी जुन्या कॅलेंडरवर ताडून लिहिल्या आहेत. पूर्वी मी असं काही ताडून पाहत नसे.

माझं नाव कमळा मेस्त्री. माहेर बुरोंडी. १९६६ साली लग्न होऊन काळबादेवी गावाच्या खाडीवर आले, ती अजून तिथेच आहे. आमचे हे होड्या बांधायचे, सासरेही तेच करायचे. खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं त्याच्या वर, आमची कामाची जागा होती आणि तिला लागून घर. मी चुलीपाशी बसले तरी दारातून अख्खी होडी दिसायची.

ह्यांनी कधी कागदावर काही लिहिलं नाही. होडीचा नकाशा नाही, लाकडाची यादी नाही. सुताने माप घ्यायचं आणि कोळशाने फळीवर खूण करायची, बस. पण आमच्या घरात सासऱ्यांपासूनची एक रीत होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातल्या बाईने कामाची सगळी जागा धुऊन पुसून काढायची. करवती, पटाशा, रंधे तर खरेच, पण फळ्यांवरच्या कोळशाच्या खुणासुद्धा. अर्ध्या कामाची खूण देवापुढे ठेवायची नाही, असं सासरे म्हणत. मग दसऱ्याच्या सकाळी हे पुन्हा कोळसा घेऊन उभे राहायचे आणि हाक मारायचे.

"कमळे, ही फळी कुठल्या झाडाची गो?"

मी भाजी चिरता चिरता आतून सांगायची. ही चिपळूणच्या बाजूच्या जुन्या सागाची, ती मळ्यातल्या कोवळ्या. ही नाळेजवळ, होडीच्या तोंडाला लावायची, ती मागे. हे खूण करायचे. वर्षभर सगळं डोळ्यांपुढून गेलेलं असायचं, ते माझ्या डोक्यात तसंच बसून राहायचं. हळूहळू गावातही नाव झालं. कुणाच्या मुलाचा जन्म, कुणाची विहीर कुठल्या साली खणली, विचारायला माणसं येत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

हे २००९ साली गेले. त्याच्या आधीच लाकडाच्या होड्या बंद होत आल्या होत्या. फायबर आलं. साच्यात ओतून काढायचं, पावाची लादी काढावी तसं. मुलगा दीपक काही वर्षं तेही करत होता, मग गुजरातकडे मोठ्या जहाजांच्या कारखान्यात गेला. पंधरा वर्षांनी परत आला तो लोखंडाची बोट बांधायची म्हणून. सून आणि नात चिपळूणला, सुनेची शाळेतली नोकरी तिथे. इथे मी आणि तो.

लोखंडी बोटीची पहिली ऑर्डर मुंबईच्या एका कंपनीची होती. सव्वीस मीटरची, माणसं नेणारी. काम सुरू झालं आणि माझा गोंधळही तिथूनच सुरू झाला.

पहिली गोष्ट म्हणजे ती बोट उलटी होती. तळ आभाळाकडे. मी दीपकला म्हटलं, "अरे, ही पालथी का घातलीस?"

"वेल्डिंग सोपं जातं आये. मग क्रेनने सुलटी करायची."

"आणि कणा कुठाय? आधी कणा घालतात."

"कणा आहे. वर आहे."

मी वर पाहिलं. बोटीचा कणा माझ्या डोक्यावर होता. ह्यांनी पाहिलं असतं तर दोन दिवस जेवले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. एक पत्रा कापायचा तर चार कागद. एक जोड वेल्ड करायचा तर करणाऱ्याचं वेगळं सर्टिफिकेट. दीपकने मला समजावलं, एकदा नाही, तीनदा.

"जहाजाला क्लास लागतो आये. एक संस्था असते, सरकारी नव्हे. ती नकाशा तपासते, पत्रा तपासते, जोड तपासते, आणि मग दाखला देते की हे जहाज अमक्या दर्जाचं. तो दाखला नसेल तर विमा नाही. विमा नाही तर माणसं बसवता येत नाहीत. म्हणजे बोट नुसती लोखंडाची पेटी."

"तुझ्या बापाच्या होडीला कुणी दाखला दिला होता?"

"समुद्राने," दीपक म्हणाला, आणि हसला. "आता समुद्राची सही चालत नाही."

मला वाटलं मला समजलं. पण दुसऱ्या दिवशी विचार करायला बसले की पुन्हा सगळं विस्कटायचं. पाण्यात घालण्याआधी कागदावर कसं कळणार की बोट चांगली आहे?

त्या संस्थेकडून तपासणीला तेजल यायची. तेजल जाधव. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात टॉर्च आणि छोटा हातोडा. पहिल्या दिवशी मी तिला चहा दिला आणि माणसं पहिलं विचारतात तेच विचारलं, कुठली गो तू?

"पोफळीची, आजी. बाबा पॉवरहाउसला होते. कॉलनीतच वाढले."

"मग डोंगरातली मुलगी जहाजात कशी आलीस?"

"पाणी तिकडूनच खाली येतं ना," ती म्हणाली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

ती पत्र्यावरचा नंबर वाचायची, मग फाईलमधला कागद काढायची, दोन्ही जुळले की टिक करायची. एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"हे नंबर कशाला गो?"

तिने दोन त्रिकोणी तुकडे उचलून माझ्यापुढे ठेवले. "यातला चांगला कुठला, सांगा."

मी उलटेसुलटे करून पाहिले. दोन्ही काळपट, जाडीला सारखे, वजनाला सारखे. "दोन्ही एकच आहेत."

"नाहीत. हा साधा. हा जास्त ताण सोसणारा. बोट जिथे वाकते त्या ठिकाणी साधा लागला तर तडा जाऊ शकतो. आज नाही, दहा वर्षांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, म्हणून नंबर. पत्रा कापला की आधी नंबर तुकड्यावर उतरवायचा, मग तुकडा हलवायचा."

साध्या पत्र्याच्या नंबराचे शेवटचे आकडे होते ४१७ आणि मजबूत पत्र्याच्या ५८२. तुकड्यांवर पिवळ्या पेंटच्या पेनने तेच लिहिलेलं असायचं. त्या त्रिकोणांना आमचा पत्रा कापणारा धोंडू ब्रॅकेट म्हणायचा. बरगडी आणि वरचा मजला जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ते बसतात. एकूण बत्तीस होते. वीस साधे, बारा मजबूत, सगळे एकाच मापाचे. दोन वेगळे ढीग शेडच्या कडेला होते, आणि मी दुपारी शेंगा सोलायला तिथेच बसायची. धोंडूने ते हाताने, गॅसच्या कटरने कापले होते. संगमेश्वरकडचा धोंडू, साठीला आलेला, हात चांगला पण डोळा जरा मंदावलेला. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला काही ना काही खोड राहिली होती. एकाच्या कोपऱ्याला मांजराच्या कानासारखं टोक, एकाच्या कडेला तीन दाते, एकाला गळासारखा ओरखडा. रोज बघून बघून मला ते शेजारच्या पोरांसारखे ओळखू यायला लागले होते.

आता खंडेनवमी.

दीपक शनिवारी इंजिनाच्या कामासाठी गोव्याला गेला होता. धोंडू नवरात्राचा गावाला गेला होता, बाकीची माणसंही. रविवारी दुपारी येसूबाई आली. येसूबाई माझी शेजारीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, जिभेने तिखट. ह्यांच्या वेळेपासून खंडेनवमीची धुलाई आम्ही दोघी मिळून करायचो. मध्ये इतकी वर्षं काठावर कामच नव्हतं, त्यामुळे रीतही बंद पडली होती. मला वाटलं, इतक्या वर्षांनी इथे पुन्हा बोट उभी आहे, आता रीत नको का?

आम्ही हातोडे पुसले, पकडी पुसल्या, वेल्डिंगच्या यंत्रांवरची धूळ काढली. मग येसूबाई ब्रॅकेटच्या ढिगापाशी थांबली.

"ह्या पिवळां काय लिवलानी हाय?"

"नंबर आहेत."

"मग ऱ्हावदे?"

मी क्षणभर थांबले. ते मला चांगलं आठवतं, की मी थांबले होते. तेजलने मला समजावलेलं होतं. तुकडे हातात देऊन समजावलेलं होतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तेजल नव्हती. सासरे होते, हे होते, ओल्या फडक्याखाली जाणारा कोळसा होता. अर्ध्या कामाची खूण.

"पूस," मी म्हटलं. "दसऱ्याला परत लिहितील."

पाण्याने ते जात नव्हतं. येसूबाईलाच थिनरचा डबा सापडला आणि तिने फडकं बुडवून एक तुकडा लख्ख केला. मग आम्हाला गोडीच लागली. बत्तीसही तुकडे पुसले. आणि पुसून झाल्यावर, पूजेला बरं दिसावं म्हणून, बोटीच्या तोंडापाशी दोन ढिगांचा एकच ढीग केला. खाली आठ, वर सात, त्याच्यावर सहा, असा चढत चढत, आणि टोकावर झेंडूचा हार ठेवला. देवळाच्या शिखरासारखा दिसत होता. आम्ही दोघींनी लांब उभं राहून पाहिला.

सोमवारी सकाळी दीपक आला. हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्याच्या मागून धोंडूही आला, एसटीने. दीपकने आधी यंत्रं पाहिली, म्हणाला, "वा, आये." मग ढीग पाहिला.

"बघ कसा दिसता," येसूबाई म्हणाली.

दीपकने नारळ खाली ठेवला. ढिगापाशी जाऊन एक तुकडा उचलला, उलटा केला, दुसरा उचलला. मग तो तिथेच जमिनीवर बसला.

"नंबर कुठे गेले?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं की काय झालंय, पण अर्धवटच कळलं. तुकडे तर तिथेच होते. एकही हरवला नव्हता, मोडला नव्हता. काल होतं तेच लोखंड. नुसतं नाव पुसल्याने ते परके कसे झाले, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

"शुक्रवारी तेजल मॅडम येणार आहेत," दीपक म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "हे बत्तीस बाद झाले तर नवे कापायला मजबूत पत्रा माझ्याकडे नाही. कारखान्यातून यायला तीन-चार महिने. कंपनीने आधीच सांगितलंय, डिसेंबरात बोट सुलटी झाली नाही तर सांगाडा उचलून दुसऱ्याकडे नेतील. मग इथे पुन्हा कोण ऑर्डर देईल?"

धोंडू तुकडे चाळत होता. "तू कापलेस ना रे?" दीपकने विचारलं. "तुला तरी ओळखता येतील?"

"माज्या पोरांची नावां इचार, त्यातच घोळ व्हता," धोंडू म्हणाला. मग हळूच, "बाय, पेन आण. बारांवर हा नंबर लिवू, विसांवर तो. कोण बगतां?"

दीपक हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. नाही म्हणाला नाही, हे मला दिसलं. माझा मुलगा खोटं लिहायच्या काठावर येऊन उभा होता आणि त्याला तिथे मी आणून सोडलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. "मला आठवतं."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"कुठला कुठल्या ढिगात होता, मला सगळं आठवतं. एकेक दाखव."

धोंडूने एकेक तुकडा धरायला सुरुवात केली आणि मी सांगायला लागले. हा ४१७. हा ४१७. हा गळाचा ओरखडावाला, ५८२. दसऱ्याच्या सकाळी ह्यांना सांगायची तशीच. दीपकच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त आलं. मग धोंडूने मांजराच्या कानाचा तुकडा धरला.

"५८२," मी म्हटलं. "हा तर मी झोपेत सांगेन."

"नाय गो," येसूबाई म्हणाली. "तो ह्या बाजूच्या ढिगात होता. मोठ्या ढिगात. मी उचललंय ना."

"तुला सकाळी काय जेवलीस ते आठवत नाही, येसू."

"पेज जेवलंय. नि तो मोठ्या ढिगातच होता."

"धोंडू, लिही. ५८२."

धोंडूने लिहिलं. येसूबाईने तोंड वाकडं केलं आणि हार सारखा करायला गेली. असे एकोणीस तुकडे झाले, आणि विसाव्याला मी अडखळले. त्याच्या काठाला कसलीच खोड नव्हती. सरळ, स्वच्छ कापलेला. मला दोन्ही ढिगांत तो दिसत होता. जिकडे नजर नेली तिकडे तो होता.

"आये?" दीपक म्हणाला.

"४१७," मी म्हटलं. सगळे वाट बघत होते म्हणून म्हटलं.

शेवटी मोजले. बारा आणि वीस बरोबर भरले. दीपकने नारळ फोडला. मला पेढा दिला, पायाला हात लावला. तो पेढा मी हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मोजदाद जुळली म्हणजे सगळं बरोबर, की नुसती मोजदाद जुळली? विसावा तुकडा माझ्या डोक्यात घोळत राहिला, दसराभर, आणि मग बुधवार, गुरुवारही.

शुक्रवारी तेजल आली. हेल्मेट, टॉर्च, फाईल. दोन वेगळे ढीग पुन्हा आपापल्या जागी लावलेले होते. तिने एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, मग पाच-सहा एकदम मांडून पाहिले.

"नवीन लिहिलेत?"

"व्हय," धोंडू म्हणाला. "जुनां पुसट झालेलां."

"सगळेच?"

धोंडू खाडीकडे बघायला लागला. दीपकने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तेजलने फाईल उघडली. तिथे एक कागद होता, त्यावर बत्तीस ओळी, आणि खाली तिच्या सहीची जागा. तिने पेनचं टोपण काढलं. तिला शंका आली होती, मला दिसत होतं, पण दीपकचं काम आतापर्यंत चोख होतं आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता. त्या विश्वासावर ती सही करणार होती. पोफळीच्या पॉवरहाउसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाची मुलगी माझ्या विसाव्या तुकड्याखाली आपलं नाव लिहिणार होती.

"बाळ, थांब," मी म्हटलं. "ते नंबर मी पुसले. आणि परत मीच आठवून सांगितले."

मग सगळं सांगितलं. सासऱ्यांची रीत, थिनर, देवळाचं शिखर. विसाव्या तुकड्याचंही. ते दीपकलाही नवीन होतं. तो शेडच्या खांबाला टेकला.

तेजलने टोपण परत लावलं. फाईल मिटली.

"आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण तुमची आठवण मला फाईलला लावता येत नाही."

"मग आता?"

"आता काम थांबवावं लागेल. या भागाचं तरी." ती दीपककडे वळली. "तुम्ही मला आधी फोन करायला हवा होता."

"हो," दीपक म्हणाला.

"तुकडे बाद करायचे की तपासून घ्यायचे, ते माझ्या हातात नाही. मी ऑफिसला लिहिते. जे झालं ते जसंच्या तसं लिहिणार."

"खंडेनवमीपण लिहिणार?" येसूबाईने विचारलं. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"तेही लिहावं लागेल," तेजल म्हणाली. मला वाटतं ती हसली, पण मान खाली होती.

पुढचे तीन आठवडे ब्रॅकेटच्या जागा रिकाम्या राहिल्या. बाकीचं काम थोडं थोडं चालायचं. दिवाळी आली, गेली. मुंबईचे फोन येत, दीपक लांब काठावर जाऊन बोलत असे. मला तो एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं. एकदाच जेवताना म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मला आधी सांगायचं होतंस." मी हो म्हटलं. त्याला आधी सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं, हे मी विचारलं नाही. मला ते कळून घ्यायचं होतं की नव्हतं, तेही मला कळत नव्हतं.

संस्थेच्या ऑफिसने शेवटी कळवलं की एकेक तुकडा यंत्राने तपासा, निकाल लागेल तसं ठरवू. दिवाळीनंतर पुण्याहून एक माणूस बॅगेत यंत्र घेऊन आला. तुकड्याला ते टेकवलं की ठिणगी उडायची आणि पडद्यावर आकडे यायचे, लोखंडात काय काय मिसळलंय त्याचे. तेजल स्वतः शेजारी उभी होती. मी ओट्यावर बसले होते, येसूबाई माझ्या बाजूला. मला भीती होती ती बोटीची की माझी, सांगता येत नाही.

एकेक तुकडा जुळत गेला. पाच, दहा, पंधरा. विसावा आला. मी डोळे मिटले.

"साधा," पुण्याचा माणूस म्हणाला. "बरोबर आहे."

मी डोळे उघडले. मग त्याने मांजराच्या कानाचा तुकडा घेतला. तो शेवटाकडे ठेवला होता. ठिणगी उडाली. त्याने पुन्हा एकदा टेकवलं.

"हा पण साधा आहे. इथे ५८२ लिहिलंय."

तीन दातेवाला उलटा निघाला. त्याला मी साधा म्हटलं होतं, तो मजबूत होता. बत्तीसपैकी तीस बरोबर, दोघांची अदलाबदल. जिथे शंका होती तिथे मी बरोबर होते. ज्याची मला सर्वांत जास्त खात्री होती तोच चुकला होता.

"मोठ्या ढिगातला," येसूबाई हळूच म्हणाली. मोठ्याने म्हणायची तिला गरज नव्हती.

तेजल तो तुकडा हातात घेऊन माझ्याजवळ आली. "हा बोटीच्या मधल्या भागात बसला असता, आजी. जिथे लाटेवर सगळ्यात जास्त ताण येतो."

"मग मोडली असती बोट?"

"माहीत नाही. कदाचित कधीच काही झालं नसतं. कदाचित झालं असतं."

तिने माझी समजूत काढायला खोटं सांगितलं नाही. पण त्या उत्तराने मला जे झालं ते तिला ठाऊक नाही. मला १९८१ साल आठवलं. राजिवड्याच्या दाऊदभायची होडी. ह्यांनी बांधलेली, खंडेनवमीच्या वेळी अर्धी झालेली. मी फळ्या पुसल्या, दसऱ्याला ह्यांनी हाक मारली, मी आतून सांगितलं. दोन पावसाळ्यांनी नाळेजवळच्या चार फळ्या कुजल्या आणि होडी अर्ध्या पाण्याने भरून बंदराला लागली. माणसं वाचली. ह्यांनी फळ्या फुकट बदलून दिल्या आणि त्यावर कधी बोलले नाहीत. लाकूडवाल्याने फसवलं, मळ्यातला साग जुना म्हणून विकला, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. मला तसंच आठवत होतं.

आता मला माहीत नाही. मला त्या फळ्या चिपळूणच्या ढिगात दिसतात आणि मळ्याच्या ढिगातही दिसतात. ह्यांना कळलं होतं का? म्हणून गप्प राहिले? की खरंच लाकूडवाल्याने फसवलं होतं? तो लाकूडवाला मेला, दाऊदभाय गेले, हे गेले. ठिणगी पाडून बघायला फळीही उरलेली नाही.

त्या बत्तीस तुकड्यांना परवानगी मिळाली. यंत्राच्या आकड्यांचा कागद फाईलला लागला, नंबर नव्याने टाकले गेले, या वेळी तेजलच्या समोर. बोट डिसेंबरऐवजी जानेवारीत सुलटी झाली. कंपनीने कुरकुर केली पण नेली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती खाडीतून बाहेर पडली, आणि जूनच्या आत तिला दाखला मिळाला. मी किनाऱ्यावर उभी होते. पाण्यात ती कशी बसली ते पाहिलं. छान बसली. ह्यांनीही तेवढं मान्य केलं असतं.

दीपकने आता ठोकायचे नंबर आणले आहेत, पोलादी ठशांचे. तुकडा कापला की हातोड्याने नंबर लोखंडातच उमटवतो. थिनरने जाणार नाही, येसूबाईनेही नाही, असं तो म्हणतो. त्याला दुसरी ऑर्डर मिळाली आहे, बॅटरीवर चालणाऱ्या बोटीची. त्यात डिझेल नसणार. मग ती चालणार कशी, हे त्याने मला दोनदा सांगितलं आहे.

धोंडूने मोतीबिंदू काढून घेतला, पण कामावर परत आला नाही. संगमेश्वरला घरीच असतो, पावसाळ्यात भात लावतो. दसऱ्याला फोन करतो. आता आपल्याला पोरांची नावं बरोबर सांगता येतात, म्हणतो.

तेजलची बदली कोचीला झाली. तिथे मोठी जहाजं तपासते. एकदा तिने फोटो पाठवला, इतक्या उंच पत्र्याच्या भिंतीखाली ती उभी होती की तिचं हेल्मेट बोराएवढं दिसत होतं. खाली लिहिलं होतं, आजी, इथे कुणी पुसत नाही.

येसूबाई मुलाकडे विरारला गेली. फोनवर बोलताना ती एकदा तरी मांजराच्या कानाचा विषय काढते. मी ऐकून घेते. तो तुकडा बोटीच्या मागच्या बाजूला साध्या जागी बसला आहे, माणसं त्याच्यावरून ये-जा करतात.

मी खंडेनवमीला अजून हत्यारं पुसते. तुकडे पुसत नाही, नंबराच्या बाजूला एक एक फूल ठेवते. सासऱ्यांना ते आवडलं नसतं. आणि एक वही केली आहे. त्यात तारखा, माणसं, काय झालं ते लिहिते, त्याच दिवशी. गेल्या दसऱ्याला दीपकने काठावरून हाक मारली, अगदी बापासारखी.

"आये, डाव्या बाजूचा पत्रा कधी आला होता गो?"

मला आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं.

"थांब," मी म्हटलं. "वही बघून सांगते."